भातात उभ्या काड्या

राइट टाउनात मटारच्या हातगाड्या दिसू लागल्या की थंडी आली असं आम्ही समजतो. स्वेटर नंतर निघतात. जबलपूरच्या आसपास मटार एवढा पिकतो की डिसेंबरात माणसं तो किलोनं घेत नाहीत, पिशवीनं घेतात. हे सकाळी फिरायला म्हणून जातात आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततात. मग वर्तमानपत्र पसरायचं, दोघांनी समोरासमोर बसायचं आणि सोलायचं. बोलणं फारसं होत नाही. शेंग फुटते, दाणे ताटलीत पडतात, हात एकदा चालू झाले की मन टोरांटोला निघून जातं. इथून तिथं पोचायला आम्हाला दीड दिवस लागला होता. मनाला एक शेंग पुरते.

तिथं आमचा मुलगा निखिल राहत होता, आणि तिथंच एका हिवाळ्यात तो गेला. एकतीस वर्षांचा होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे आणि नकाशा आधी टांगायचा, मग बोलायचं, ही माझी सवय आहे. पण तो हिवाळा आठवला की हॉस्पिटल आधी आठवत नाही. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतली सहा टेबलांची व्हिएतनामी खानावळ आठवते, आणि तिथं पहिल्याच दिवशी माझ्या हातून जे झालं ते आठवतं. कुणी म्हणेल, एवढंसं तर आहे. मीही म्हणते. म्हणून काही ते लहान होत नाही.

नोव्हेंबर संपत आला होता. "थोडी तब्येत ठीक नाही, तुम्ही या दोघं जण, फिरणं पण होईल," असं तो फोनवर म्हणाला होता. विमानतळावर त्याला पाहिलं. कोटाच्या आत माणूस आहे की नुसता हँगर, कळेना. "काहून रे एवढा वाळला?" मी विचारलं. "डाएट करून राहिलो, आई," तो म्हणाला आणि बॅग उचलायला वाकला. ह्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्याच संध्याकाळी, पाच वाजताच दिवे लागलेले असताना, तो आम्हाला त्या खानावळीत घेऊन गेला.

आपल्या सदरच्या बाजारात दोन मोठ्या दुकानांच्या मधे एखादा जिलेबीवाला अंग चोरून बसतो, तेवढीच ती जागा. काचांवर आतून वाफ धरलेली. दारातच जमिनीवर एक लाल देव्हारा, त्यात पोट सुटलेला हसरा देव, समोर संत्री, चहाचे इवलेसे पेले आणि एक सिगारेट. देवापुढे सिगारेट पाहून मी ह्यांच्याकडे पाहिलं. "भैरवबाबाला दारू चालते, तिथं नाही बोलत तू काही," हे म्हणाले. वास मात्र सोसेना. आंबलेल्या माशाचा तो वास माझ्यासारख्या जन्माच्या शाकाहारी बाईला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

निखिल मात्र घरात शिरावं तसा आत शिरला. चार वर्षं तो रोज संध्याकाळी इथं जेवत होता, हे मला तेव्हा कळलं. फोनवर तो "वरणभात केला" म्हणायचा. आतून एक ठेंगणी म्हातारी हात पुसत आली, त्याचा दंड चिमटीत धरून तिनं पाहिला आणि त्याला रागं भरली. वाळलास, असंच म्हणत असणार. ते कळायला भाषा लागत नाही. येणारे-जाणारे सगळे तिला "बा" म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. तिची मुलगी लान टेबलं सांभाळायची. लानला इंग्रजी येई, बाला येत नसे.

आमच्यासाठी लोण्यासारखं मऊ सोयाबीनचं पनीर आणि भात आला, प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात. निखिल काड्यांनी जेवत होता. चार घास खाल्ले असतील नसतील, त्यानं हातातल्या काड्या सरळ टेबलावर ठेवल्या आणि डोळे मिटून मागं टेकला. आता, उष्ट्या काड्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या मला कशा बघवणार? सगळं खरकटं. "हे काय वळण आहे का?" म्हणत मी त्या उचलल्या आणि त्याच्याच भातात उभ्या खोचून दिल्या. घरी भाताच्या पातेल्यात भातवाढी आपण खोचून ठेवतोच की. जन्मभर ठेवली. त्यात वावगं काही असेल असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

बा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. त्या वयाची बाई इतक्या झपाझप चालू शकते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं दोन्ही काड्या उपटल्या, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, निखिलपुढचा वाडगा उचलला आणि आत घेऊन गेली. मग दुसरा वाडगा आला, ताजा भात, नव्या काड्या वाडग्याच्या कडेवर आडव्या ठेवलेल्या. मला अपमान वाटला. "आम्ही काय विटाळलं का तिचं?" मी मराठीत फणकारले. "भारी सोवळी दिसून राहिली तुझी बा."

निखिल हसायला लागला. हसता हसता खोकला, पाणी प्यायला, परत हसला. "आई, यांच्यात माणूस मेला ना, की त्याच्यासमोर भात ठेवतात, आणि त्यात काड्या अशा उभ्या करतात. घाबरली ना ती बिचारी." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "पाहा बाबा, आईनं मला डायरेक्ट निपटवूनच टाकलं." हेही हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि स्वतःची चीड येते.

कारण त्या संध्याकाळी त्याला सगळं माहीत होतं. रक्ताचा कॅन्सर, कोणत्या जातीचा, किती पुढे गेलेला, सगळं. तीन आठवड्यांपासून रिपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. आम्हाला त्यानं चौथ्या दिवशी सांगितलं, तेही हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या सकाळी, चहा पिताना. मला आधी रडू आलं नाही, राग आला. एवढी गोष्ट पोटात घेऊन हा मुलगा माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्याच्या भातात काड्या खोचत होते.

हे आयुष्यभर जबलपूरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तोफेचे सुटे भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसतात की नाही, एवढंच पाहायचं. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. त्यांच्या मनाच्या रचनेत काड्यांना जागा नाही. "लाकडाच्या काड्या आहेत त्या. रोग आधीपासून होता. तारीख पाहा रिपोर्टवरची," ते म्हणत. मला ते पटे. पटलेलं दुपारपर्यंत टिके. दुपारी निखिलला उलट्या सुरू झाल्या की परत सगळं तिथंच.

औषधांनी त्याचं तोंड सोलून निघालं. घास जाईना, पाणी टोचे. मग एक दिवस तो म्हणाला, "बाचा रस्सा आण." हाडं उकळून ती बाई तो रस्सा करायची, पहाटेपासून भलं मोठं पातेलं मंद आचेवर असायचं. कशाची हाडं, ते मी विचारलं नाही. जबलपूरहून मी पोहे, मेतकूट आणि एक उभा स्टीलचा डबा नेला होता, कडीचा. नर्स म्हणाली, उकळता असेल तर चालेल. त्या डब्यात मी तो रस्सा न्यायला लागले. रोज. पुढच्या दारानं खानावळीत, मागच्या दारानं हॉस्पिटलात, लिफ्टनं सातव्या मजल्यावर. माझी सासू असती तर तिनं मला तो डबा परत ओट्यावर ठेवू दिला नसता. मी तो स्वतःच्या हातानं घासत होते, आणि निखिलनं अर्धी वाटी संपवली की मला दिवाळी वाटायची.

त्या रस्स्याला वास कशाचा यायचा, हे हळूहळू नाकाला कळू लागलं. बदामफूल, दालचिनी, जाळावर काळं होईपर्यंत भाजलेला कांदा, तसंच भाजलेलं आलं. म्हणजे आपलाच मसाला, फक्त पाण्यात सोडलेला. माशाचा वास कधी नाहीसा झाला ते मला आठवत नाही. बा आमच्या दोघांसाठी वेगळं पातेलं ठेवू लागली, मुळा आणि अळंबीचं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी कशाला हात लावला आणि कशाला नाही, एवढ्यावरून तिनं ओळखलं असणार.

दुपारी गर्दी ओसरली की ती एका टेबलावर मोड आलेल्या मुगांचा ढीग घेऊन बसायची. आपण मोड वाढवतो, त्या बाया मोडाची बारीक शेपटी खुडून टाकतात. निखिल झोपलेला असायचा, नर्स बाहेर घालवायची, मग मी जाऊन तिच्यासमोर बसायची आणि खुडायला लागायची. एक शब्द न बोलता दोन दोन तास. बाहेर बर्फ पडत असायचा. तो बर्फ चित्रातल्यासारखा पांढरा नसतो. रस्त्यावर तो राखेच्या रंगाचा होतो आणि बुटात शिरतो.

एकदा लाननं सांगितलं, आईच्या शहराचं आता नावच बदललं आहे, ती जुनंच घेते. मला माझे सासरे आठवले. ते वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मग राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. "मी कुठंच नाही गेलो, मुलूखच सरकला," ते म्हणायचे. निखिलला मराठी समजायची सगळी, बोलताना अर्ध्यात हिंदी यायची, आणि शेवटी शेवटी तापात तो इंग्रजीत बडबडायचा. तो काय म्हणतो आहे ते मी नर्सला विचारायची. आपल्या मुलाचं बोलणं परक्या बाईला विचारावं लागतं, याच्याइतकं एकटेपण मी दुसरं पाहिलं नाही.

एका दुपारी मोड खुडताना माझ्यानं राहवलं नाही. लानला म्हटलं, "त्या दिवशी माझ्याकडून जे झालं, ते परत फिरवायला तुमच्यात काही करतात का? आईला विचार." लाननं विचारलं. बाचे हात थांबले नाहीत. ती दोनच वाक्यं बोलली. लान म्हणाली, "आई म्हणते, तिनं त्याच संध्याकाळी तुमच्या वतीनं उदबत्ती लावली. तो भात तिनं पक्ष्यांना घातला. झालं ते." मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा मुगाचा हात धरला. त्या आठवड्यात निखिलच्या रक्ताचे आकडेही जरा बरे आले. मी ह्यांना सांगितलं, आणि ह्यांनी, ज्यांच्या मनात काड्यांना जागा नाही त्यांनी, दुसऱ्या दिवशी त्या सिगारेटवाल्या देवापुढे दोन संत्री ठेवली.

आकडे पुढच्या आठवड्यात पडले. मग पडतच गेले.

"घरी मटार आला असेल," तो एकदा म्हणाला. मी त्याच्या फ्लॅटवर जाऊन बर्फातला, पिशवीतला मटार आणून भात केला. तो मटार गोड असतो, हिरवागार असतो आणि त्याला कसलाही वास नसतो. निखिलनं डबा नाकाशी नेला, हुंगला आणि झाकण लावलं. "चलो, पुढच्या वर्षी," तो म्हणाला. आम्ही दोघांनी "हो" म्हटलं. तिघांनाही माहीत होतं. कुणाचा आवाज हलला नाही.

आता आमच्या घरात भातवाढी पातेल्यात उभी राहत नाही. मागच्या वर्षी नागपूरहून माझी बहीण आली होती. वाढता वाढता तिनं सहज ती भातात खोचली, आणि मी धावत जाऊन उपटली. बहीण बघत राहिली. "अवं, काय झालं?" मी भातवाढी ताटलीत आडवी ठेवली. मला माझे पाय दिसले, ते बाचे होते, तसेच झपाझप. त्या बाईला मी सोवळी म्हटलं होतं.

अस्थी आम्ही घरी आणल्या. ग्वारीघाटावर संकल्प सांगताना पंडितजींनी विचारलं, मृत्यू कुठे झाला. मी टोरांटो म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग "विदेशे" म्हणून पुढे गेले. नावेत बसल्यावर नावाडी म्हणाला, "माताजी, कौन थे?" मी म्हटलं, "बेटा." त्यानं वल्ही जरा वेळ पाण्याबाहेर धरली. "यहाँ धार अच्छी है," एवढंच तो बोलला. नर्मदेचं पाणी त्या दिवशी हिरवट होतं, शेंगेच्या सालीसारखं. काही नेत असल्यासारखं ते दिसत नव्हतं, आणि नेलं.

पण त्याच्या जाण्याचा दिवस म्हणून मला घाट आठवत नाही. तो गेला ती जानेवारीतली सकाळ होती. सह्या, कागद, एक बंद पिशवी, तिच्यात त्याचा चष्मा आणि फोन. दुपारी एक वाजता आम्ही दोघं हॉस्पिटलच्या मागच्या दारातून बाहेर पडलो आणि उभे राहिलो. जबलपूरला असतो तर घरात चूल पेटवायची नसते म्हणून शेजारणींनी पिठलंभात आणला असता. कोणी बोलावलं नसतं तरी पाच घरचे डबे आले असते. तिथं मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. माझ्या हातात तो कडीचा डबा होता. सकाळी फोन आला तेव्हा सवयीनं तो घेऊन मी निघाले होते. पाय गल्लीत वळले. वळवले नाहीत कुणी.

खानावळीत त्या वेळी कुणी नव्हतं. बानं मला पाहिलं, नेहमीसारखा डबा माझ्या हातून घेतला, झाकण काढलं, आणि पळी पातेल्यात बुडवली. ती भरून बाहेर आली तेव्हा मी डब्याच्या तोंडावर पालथा हात ठेवला. पंगतीत पुरे म्हणताना आपण पानावर धरतो, तसा.

बानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग पळी परत पातेल्यात ओतली, आवाज न करता. डबा तिनं पुसून माझ्याकडे दिला. आत गेली. बराच वेळ ती आत होती. मी आणि हे पहिल्या दिवसाच्याच टेबलाशी बसलो, कारण दुसरं टेबल निवडायचं भान नव्हतं. निखिलची खुर्ची मधे होती.

ती आली तेव्हा तिच्या हातात भाताचा वाडगा होता. भात दाबून, शीग लावून भरलेला, वर सोललेलं उकडलेलं अंडं. तो तिनं निखिलच्या खुर्चीपुढे ठेवला. मग एप्रनच्या खिशातून दोन काड्या काढल्या, आणि एक एक करून, सरळ आहे ना ते पाहत, भातात उभ्या केल्या. तिला घाई नव्हती. पहिल्या दिवशी मी केलं होतं ते आणि हे, यांत केवढं अंतर आहे, ते मी पाहत होते. माझ्या त्या नुसत्या लाकडाच्या काड्या होत्या. हे खरं होतं. तेव्हा मला हे स्वच्छ कळलं. नंतर दर हिवाळ्यात ते निसटतं आणि मला पहिल्यापासून पुन्हा कळून घ्यावं लागतं.

तरी माझा हात पुढे गेलाच. आपोआप. दोन महिने ज्या काड्या मी मनातल्या मनात उपटत आले होते, त्या समोर उभ्या होत्या आणि मला त्या काढायच्या होत्या. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता राहू दे."

मी हात मागे घेतला. बानं आम्हा दोघांपुढे आमचे वाडगे ठेवले, मुळ्या-अळंबीचे, आणि पलीकडच्या टेबलाशी पाठ करून बसली. आम्ही जेवलो. दोघांनाही भूक लागली होती, लाज वाटावी इतकी.